कर्नल पॅनिकची दुरुस्ती: रत्नागिरीतील एका दुकानाचा अनुभव
उबुंटू या लिनक्स-आधारित संगणक प्रणालीच्या अपडेटनंतर आमच्या कार्यालयातील संगणक सुरू होतानाच ‘कर्नल पॅनिक’ (प्रणालीचा गाभा असलेले कर्नल पुढे चालूच शकत नाही, अशी गंभीर त्रुटी) दाखवून थांबत होता आणि रूट फाइल सिस्टिम (प्रणालीच्या फाइली असलेला डिस्कचा मुख्य भाग) जोडता येत नसल्याचा संदेश पडद्यावर येत होता. मारुती मंदिर परिसरातील या लहानशा दुकानातील तंत्रज्ञाने, इतरत्र सर्रास सुचवला जाणारा फॉरमॅटचा (डिस्क पुसून प्रणाली नव्याने टाकण्याचा) उपाय न सुचवता, ग्रब या संगणक सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या मेनूतील प्रगत पर्यायांतून आधीचे कर्नल निवडून यंत्र सुरू केले. डिस्कच्या एन्क्रिप्शनमुळे (माहिती सांकेतिक रूपात ठेवल्यामुळे) वेगळे ठेवलेले छोटे बूट पार्टिशन (संगणक सुरू होण्यासाठीच्या फाइलींचा डिस्कवरील भाग) जुन्या कर्नलांनी भरून गेल्यामुळे नव्या कर्नलची इनिटरॅमएफएस फाइल (रूट फाइल सिस्टिम जोडण्यासाठी सुरुवातीला लागणारी) तयारच झाली नव्हती, हे त्यांनी दाखवून दिले; मग अनावश्यक कर्नल काढून ती फाइल पुन्हा बनवली आणि ग्रबची नोंद अद्ययावत केली. खाऱ्या, दमट हवेने रॅमचे संपर्कबिंदू गंजतात म्हणून त्यांनी मेमटेस्ट ही रॅमची चाचणीही चालवली, जी या प्रसंगी लागली नसती. तरी किनाऱ्यावर ही खबरदारी मला पटते. आमची सर्व माहिती सुरक्षित राहिली. दर वाजवी आहेत. मात्र केलेल्या कामाची लेखी नोंद मागितल्याशिवाय मिळत नाही.