दादरचं एंडोस्कोपी युनिट: दुर्बीण कशी धुतात ते दाखवलं, ५ पैकी ४ स्टार

बाबांच्या पित्तनळीत परत खडे निघाले आणि डॉक्टर म्हणाले ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनळीतले खडे काढणं) करावी लागेल, तर आईने सरळ नाहीच म्हटलं. दोन वर्षांपूर्वी उपनगरातल्या एका हॉस्पिटलमधे (नाव लिहीत नाही) हेच केलेलं, खडे निघाले, दुसऱ्या दिवशी घरी आणि तिसऱ्या रात्री थंडी वाजून १०३ ताप. ब्लड कल्चरमधे क्लेब्सिएला नावाचा जंतू आला, रिपोर्टवर अँटिबायोटिकच्या नावांपुढे खालपर्यंत आर, आर, आर (रेझिस्टंट, म्हणजे ते औषध चालणार नाही), मेरोपेनेमसारख्या तगड्या औषधापुढेपण आर, शेवटी कोलिस्टिन हे अगदी शेवटचं अँटिबायोटिक द्यावं लागलं आणि त्याने क्रिएटिनिन चढलं, म्हणजे किडनीवर ताण आला. १९ दिवस आयसीयू. तो जंतू दुर्बिणीतूनच आला असं मी छातीठोकपणे नाही सांगू शकत, पेशंटच्या स्वतःच्या आतड्यातला जंतू वर चढूनही असं होतं. पण तीच दुर्बीण बाबांच्या आधी कोणाला घातली होती हे विचारलं तर तिथे रजिस्टरच नव्हतं. तो राग अजून गेलेला नाही.

त्यानंतर मी यावर खूप वाचलं. ईआरसीपीच्या दुर्बिणीच्या टोकाला एक बारीकशी पट्टी असते, आतली तार हवी तिकडे वळवायला ती वरखाली होते, आणि तिच्या मागच्या खाचेत घाण अडकते. ऑटोक्लेव्हची उष्णता ही दुर्बीण सोसत नाही म्हणून केमिकलमधे बुडवून जंतू मारायचे, आणि खाचेत जंतूंचा चिकट थर एकदा धरला की केमिकल आत पोचतच नाही. २०१५ मधे लॉस एंजेलिसच्या यूसीएलए हॉस्पिटलात अशाच दुर्बिणीतून ७ जणांना औषधांना न जुमानणारं इन्फेक्शन झालं, त्यातले २ गेले, १७९ जणांना टेस्टसाठी बोलवावं लागलं, आणि तिथे धुणं कंपनीच्या सूचनेप्रमाणेच चालू होतं. २०१९ मधे अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) हॉस्पिटलांना सांगितलं की टोकाची टोपी एकदा वापरून फेकायची असेल अशा किंवा अख्ख्या डिस्पोजेबल दुर्बिणींकडे वळा.

म्हणून इथे आल्यावर पहिलाच प्रश्न हा विचारला. सिस्टर जराही चिडल्या नाहीत, "या ना, बघा" म्हणाल्या आणि धुण्याच्या खोलीच्या काचेपाशी घेऊन गेल्या. आत टेक्निशियन दादा नुकतीच काढलेली दुर्बीण धूत होते, टोकावरची टोपी काढून कचऱ्यात टाकली, ती पट्टी वर करून मागून छोटा ब्रश फिरवला, मग खाली करून परत, मग भिंग धरून बघितलं. आधी लीक टेस्ट (दुर्बिणीला कुठे भोक नाही ना ते बघायला), मग एन्झाइमचं पाणी, मग मशीन. शेवटी नळीत हवा मारून वाळवायला एवढा वेळ घेतला की मीच घड्याळ बघायला लागलो, पण सिस्टर म्हणाल्या आत थेंबभर पाणी राहिलं तरी रात्रीत जंतू वाढतात. धुतलेल्या दुर्बिणी कपाटात उभ्या टांगलेल्या, गुंडाळून पेटीत कोंबलेल्या नाहीत. आणि रजिस्टर! दुर्बिणीचा नंबर, पेशंट, धुण्याची वेळ, सही. बाबांच्या केसपेपरवरपण तो नंबर लिहिला. अख्खी डिस्पोजेबल दुर्बीण मिळेल का विचारलं तर परवडणार नाही काका, टोपी मात्र प्रत्येकाला नवीन, असं स्पष्ट सांगितलं.

बाबांना तीन दिवस दर चार तासांनी थर्मामीटर लावलं, ताप नाही. आई तिसऱ्या रात्री झोपलीच नाही, सकाळी ९८ बघितल्यावर चहा घेतला तिने.

एक स्टार कापला तो वेटिंगसाठी, उपाशी पेशंट असून दोन तास बाकड्यावर, आणि कॅशलेसच्या काउंटरवर एकच माणूस. दुपारनंतर धुणाऱ्या खोलीत एकच टेक्निशियन असतो आणि केसेस मात्र तेवढ्याच, तेव्हा जमलं तर सकाळची पहिली वेळ मागून घ्या.