जुन्या जिप्सीची टकटक आणि मेकॅनिकचा स्टेथोस्कोप: काही महिन्यांच्या वापरानंतर

जुनी फोर बाय फोर सांभाळत असाल तर मेकॅनिकचा स्टेथोस्कोप, म्हणजे इंजिनाचे आवाज कानात ऐकायचं साधन, जरूर घ्या. पण घेतल्यावर एक गोष्ट लक्षात ठेवा: त्याची स्टीलची सळई जेवढी कामाची, तेवढीच सळई काढल्यावर उरणारी रिकामी नळीही कामाची. माझ्या गाडीचं इंजिन खोलायचं वाचलं ते या रिकाम्या नळीमुळे.

गाडी 2004 ची मारुती जिप्सी किंग. 1298 सीसी, सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेलं) पेट्रोल इंजिन. रोज सोलापुरातल्या विजापूर रोडवरची रहदारी, सुट्टीला नान्नजकडचा माळ, आणि पावसाळ्यात सीना नदीकाठच्या काळ्या रानातला चिखल, एवढं सगळं ती निमूट करते. तिच्या इंजिनातून टक-टक यायला लागली. सकाळी थंड इंजिनाला जास्त, रेस दिली की जलद, तुळजापूरच्या घाटात चढाला लागलं की मोठी. आणि गाडी चांगली तापली की जवळजवळ गायब.

गॅरेजात दाखवली. उस्तादांनी चालू इंजिनावर एकेका इंजेक्टरचं (सिलिंडरला पेट्रोल सोडणाऱ्या भागाचं) सॉकेट काढून बघितलं. चौथ्याचं काढलं आणि टकटक एकदम खाली बसली. "मालक, चौथ्याचा रॉड वाजायलाय. हाफ इंजिन करावं लागतंय." म्हणजे इंजिन खोलून मोठं काम. ही चाचणी खरीच आहे, आणि अनेक चांगले मेकॅनिक ती करतात. बिग एंडचं, म्हणजे पिस्टनचा रॉड क्रँकला (इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याला) जोडतो तिथलं, बेअरिंग झिजलं असेल तर त्या सिलिंडरचा स्फोट बंद केला की रॉडवरचा दाब कमी होतो आणि ठोका मऊ पडतो. मला खटकत होतं ते वेगळंच. बेअरिंगचा ठोका ऑइल तापून पातळ झालं की साधारणपणे वाढतो. इथे उलटं होतं. ऑइलचं प्रेशरही ठीक होतं. म्हणून खोलायच्या आधी ऐकून बघायचं ठरवलं.

स्टेथोस्कोप अगदी साधा, बिनब्रँडचा, चारपाचशे रुपयांतला. कानात घालायच्या दोन नळ्या, पुढे पत्र्याची डबी, डबीत पातळ पडदा आणि त्याला स्क्रूने बसणारी वीतभर सळई. सळईचं टोक इंजिनाच्या न हलणाऱ्या भागावर टेकवायचं. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा सगळंच बिघडल्यासारखं वाटेल. निरोगी इंजिनही आत केवढा गलका करतं! म्हणून सुरुवातीला दोष शोधूच नका. चारही इंजेक्टरवर सळई ठेवून त्यांची बारीक टिकटिक सारखी आहे का ते ऐका. मग अल्टरनेटर, वॉटर पंप, टायमिंग बेल्टचं कव्हर, व्हॉल्व्ह कव्हर, आणि शेवटी खाली ऑइल चेंबर (इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी). एखाद्या मित्राची चांगली चालणारी तशीच गाडी मिळाली तर तीही ऐका. आपल्याकडे मागाचे जुने जॉबर (माग दुरुस्त करणारे कारागीर) कारखान्यात शिरताच कुठला माग बेसूर चाललाय ते सांगतात, कारण चांगला चाललेला माग त्यांच्या कानात पक्का बसलेला असतो. इंजिनाचंही तसंच आहे.

चेंबरवर आणि ब्लॉकच्या खालच्या अंगाला सळई लावली तर तिथे जड ठोका नव्हता. रॉड वाजत असता तर तो तिथेच सगळ्यात स्पष्ट यायला हवा होता. व्हॉल्व्ह कव्हरवर टकटक ऐकू येत होती, मागच्या बाजूला जरा जास्त, म्हणून टॅपेटचा (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचा) संशय आला. फीलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पट्ट्यांनी, त्याचा गॅप तपासला, बरोबर निघाला. मग आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून हळू वेगाने वाजवला. आयडलला, म्हणजे रेस न देता, क्रँक मिनिटाला साधारण 800 फेरे घेत होता आणि टक पडत होती सेकंदाला सहा-सात, म्हणजे दोन फेऱ्यांना एक. पुलीवर फिरणाऱ्या वस्तूंशी हा ताल जुळत नाही, त्यामुळे वॉटर पंप आणि अल्टरनेटर सुटले. दोन फेऱ्यांना एकदा घडणाऱ्या गोष्टी म्हणजे कॅमशाफ्टवरचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावरचं) काम, नाहीतर एका सिलिंडरचा स्फोट आणि त्यामागून बाहेर पडणारा धूर.

इथेच सळई अडली. सळई फक्त धातूतून येणारा आवाज पकडते, आणि धातू तो आवाज चारी दिशांना पसरवतो. फटीतून सुटणारा वायू मात्र हवेत वाजतो. म्हणून सळई आणि डबी काढली आणि नुसतं नळीचं उघडं तोंड एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या नळकांड्याच्या) कडेने, धातूला न टेकवता, हळूहळू फिरवलं. पहिल्या तीन पोर्टांपाशी (धूर बाहेर पडायच्या तोंडांपाशी) काही नाही. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) बाजूला, चौथ्यापाशी, कानात थेट फस्-फस् आदळलं. बाहेरून जी टक ऐकू येत होती, तीच जवळून फस् होती.

इंजिन थंड झाल्यावर हीट शील्ड काढलं. हेडवर चौथ्या पोर्टपासून मागे काजळीचा बोटभर रुंद, पंख्यासारखा पसरलेला डाग होता. मॅनिफोल्ड हेडला आवळून धरणारा टोकाचा स्टड हेडच्या आत तुटलेला आणि नट कधीच गळून पडलेला. खात्रीसाठी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या मित्राच्या कारखान्यातून मागावरचे तंतू उडवायचा ब्लोअर आणला. थंड इंजिनाला सायलेन्सरच्या तोंडातून हवा भरली आणि जोडावर साबणाचं पाणी सोडलं. त्या एकाच जागी बुडबुडे आले.

आता सगळं जुळतं. चौथ्याचा इंजेक्टर बंद केला की तिथला स्फोटच बंद, म्हणून फटीतून येणारा दाबाचा फटकाही बंद. रॉडची चाचणी गळक्या मॅनिफोल्डलाही तोच निकाल देते. चढावर लोड वाढतो, दाब वाढतो, फस् मोठी होते. तापल्यावर मॅनिफोल्ड फुगून फट मिटते, आवाज जातो. आणि सारखं तापून-थंडावून मॅनिफोल्ड लांबीत वाढतो-आखडतो, त्याचा सगळ्यात जास्त ताण टोकाच्या स्टडवर येतो. म्हणून स्टड बहुधा टोकाचेच तुटतात.

हेड ॲल्युमिनियमचं असल्याने तुटका तुकडा काढायला घाई चालत नाही. लेथवाल्यांनी मधोमध भोक पाडून तो अलगद काढला, आटे शाबूत राहिले. मॅनिफोल्डची बैठक सरळपट्टी लावून तपासली, नवीन पॅकिंग टाकलं, सगळे स्टड बदलले. हाफ इंजिनच्या मानाने खर्च किरकोळ. त्यानंतर उन्हाळा झाला, पावसाळाही सुरू झाला, इंजिन सकाळी थंडही शांत चालतं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. अशी गळती आवाजापुरती म्हणून सोडून देऊ नका. फट फायरवॉलजवळ असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत येऊ शकतो. त्याला वास नसतो, आणि कापडी हुडाची गाडी हवेशीर वाटली तरी पडदे लावून हळू चालवताना धूर आत रेंगाळतो. शिवाय ऑक्सिजन सेन्सर असलेल्या गाडीत फटीतून बाहेरची हवा ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) उगाच जास्त पेट्रोल सोडतो.

आता वस्तूबद्दल. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये गाडीत ठेवलेल्या रबरी नळ्या कडक झाल्या आणि एकीला डबीपाशी चीर गेली. मी साधी सिलिकॉनची नळी कापून बसवली, तीच जास्त चांगली निघाली. सळईचा स्क्रू ढिला होतो आणि मग तो स्वतःच किरकिरतो, म्हणून दरवेळी आधी घट्ट करा. कानातली टोकं कडक आहेत, फार वेळ कानात ठेवता येत नाहीत. रेस देताना सळई टेकलेली असेल तर कानाला त्रास होतो, अशा वेळी एका कानातून काढून ठेवा. आणि फॅन, बेल्ट यांच्याजवळ लोंबणारी नळी अतिशय धोक्याची. मी ती गळ्यात न अडकवता एका हाताने मागे धरतो. उपरणं, सैल बाही, गळ्यातली साखळी घालून बोनेटमध्ये वाकू नका.

लांब स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून हेच काम होतं, असं अनेकजण म्हणतात. धातूचा आवाज ऐकायला होतं. पण स्क्रू-ड्रायव्हरला उघडं तोंड नसतं, त्यामुळे हवेची गळती त्याने सापडत नाही. इनटेकच्या व्हॅक्यूम नळीची चीरही मला पुढे अशाच रिकाम्या नळीने सापडली.

गाडी चालतानाच येणाऱ्या आवाजांपुढे मात्र हा स्टेथोस्कोप तोकडा पडतो. माझ्या ट्रान्सफर केसमधून (चारही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीतून) फोर व्हील लावल्यावर साठच्या पुढे एक बारीक रडका सूर येतो. उभ्या गाडीत तो ऐकू येत नाही, म्हणून पुढच्या महिन्यात गाडी चारही बाजूंनी स्टँडवर घेऊन, एकाला आत बसवून, फार वेग न देता केसवर सळई लावून ऐकणार आहे.