‘कॉस्टिंगसाठी फाइल पाठवा’ : माझ्या हॅंडलचं डिझाइन कसं गेलं

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत माझं छोटं टूलरूम, म्हणजे साचे आणि सुटे भाग बनवायचं वर्कशॉप आहे. आम्ही चार माणसं. या भागात ट्रॉली बॅगांचे मोठे कारखाने बरीच वर्षं आहेत, त्यामुळे बॅगेचं हॅंडल, ते जागेवर अडकवणारी पिन, बटण ही कामं आमच्या हातात बसलेली आहेत. एका पार्टीने कॉस्टिंगसाठी, म्हणजे खर्चाचा अंदाज काढायला, म्हणून माझ्याकडून हॅंडलच्या डिझाइनची फाइल मागून घेतली आणि ते परस्पर बाजारात आणलं. माझ्यासारखे छोटे डिझायनर आणि वर्कशॉपवाले अजूनही त्याच पद्धतीने फसताहेत असं कानावर येतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

आधी वस्तू समजून घ्या. केबिन बॅग चाकांसकट साधारण ५५ सेंटिमीटर उंच असते. नेहमीच्या हॅंडलच्या नळ्या अस्तराखालून पार तळापर्यंत जातात. बॅग उघडली की आत जे दोन उभे उंचवटे लागतात, ते त्यांचेच. कपड्यांची चांगलीच जागा त्यात जाते. मी प्रत्येक बाजूला एक पक्की आणि तीन सरकत्या अशा चार नळ्या घेतल्या, प्रत्येकी २७ सेंटिमीटरच्या. हॅंडल पूर्ण ओढलं तरी प्रत्येक नळी खालच्या नळीत ८ सेंटिमीटर रुतून राहते. एका जोडातून १९, तीन जोडांतून ५७ सेंटिमीटर उंची मिळते, आणि बॅगेचा खालचा जवळपास अर्धा भाग सपाट राहतो.

ऐकायला सोपं वाटतं, पण जोड वाढले की हॅंडल लडबडतं. जोडात ०.३ मिलिमीटरचा प्ले, म्हणजे मोकळीक असली तरी वर मुठीपाशी तो कित्येक पटींनी जाणवतो. तो घालवायला मी बुशला, म्हणजे दोन नळ्यांच्या मध्ये बसणाऱ्या कड्याला, एक पातळ ओठ दिला, जो नळीला सतत हलकासा दाबून धरतो. त्या ओठाची जाडी आणि कोन जमायला पावणेदोन वर्षं गेली. खरं डिझाइन तेवढंच होतं. बाकी नळ्या कुणीही कापेल.

मुंबईच्या एका पार्टीचा माणूस सॅम्पल बघायला आला. बोलायला अतिशय गोड. हॅंडल दहा-बारा वेळा वर-खाली केलं, कानाशी धरून पिनचा आवाज ऐकला. मी एनडीएचा, म्हणजे गोपनीयतेच्या कराराचा विषय काढला तेव्हा म्हणाला, “दादा, पेपर लीगलकडे आहेत, येतील. आणि खरं सांगू का, यात लपवण्यासारखं काय आहे? अमेरिकेत त्या पायलटने, रॉबर्ट प्लाथने, उभ्या बॅगेला सरकतं हॅंडल १९८७ सालीच लावलं.” माहिती बरोबर होती आणि तिथेच मी ढिला पडलो. सरकतं हॅंडल जुनं आहे, माझा बुश जुना नाही, हे त्याला मी तेव्हाच ठणकावून सांगायला हवं होतं.

नंतर त्यांनी दहा सेटची ऑर्डर दिली आणि २५ हजार रुपये आगाऊ भरले. हा भाग नीट लक्षात घ्या. पैसे आले की आपला संशय संपतो. दहा सेट गेले, टेस्टिंग छान झाल्याचा निरोप आला, आणि एका शुक्रवारी संध्याकाळी फोन : “दादा, उद्या मॅनेजमेंटची मीटिंग आहे. मोल्डचं कॉस्टिंग लावायला स्टेप फाइल लागेल. रात्रीपर्यंत मिळाली तर उद्याच फायनल करून टाकतो.” मोल्ड म्हणजे प्लास्टिकच्या भागांचा साचा, आणि स्टेप फाइल म्हणजे सगळ्या मापांसकट डिझाइनची थ्री-डी कॉम्प्युटर फाइल.

मी पूर्ण असेंब्ली पाठवली. प्रत्येक टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ते), बुशच्या ओठाचा कोन, पिनची स्प्रिंग, सगळं. ईमेलमध्ये माझ्याच हाताने लिहिलं : ‘आपल्या वापरासाठी सोबत जोडत आहे.’

महिन्याभराने उत्तर आलं, प्रोजेक्ट होल्डवर आहे. पुढे फोन उचलणं बंद झालं.

सात महिन्यांनी आमचा फिटर लग्नाच्या खरेदीला मेन रोडवर गेला होता. तिथून एक नवी केबिन बॅग घेऊन तो थेट वर्कशॉपवर आला. टेबलावर आडवी टाकली, अस्तर उसवलं आणि बोट ठेवून म्हणाला, “शेठ, हे आपलंच भोक आहे.” बाहेरच्या नळीच्या टोकापासून १४ मिलिमीटरवर अडीच मिलिमीटरचं भोक. ड्रिल करताना नळी धरून ठेवणाऱ्या आमच्या जुन्या फिक्स्चरची पिन तिथे येते, म्हणून आम्ही ते पाडतो. हॅंडलमध्ये त्याचा काडीचाही उपयोग नाही. फाइलमध्ये ते राहून गेलं होतं, आणि त्यांनी ते कशासाठी आहे हे न कळताच छापलं होतं. मी कितीतरी वेळ त्या भोकाकडे बघत बसलो.

त्याहून संताप आला तो माप घेतल्यावर. नळ्या २७ ऐवजी २४ सेंटिमीटरच्या. उंची तीच ५७ ठेवायची म्हणून रुतवण ८ वरून ५ सेंटिमीटरवर आणलेली. दोन्ही बाजूंच्या आठ नळ्या धरल्या तर बॅगेमागे २४ सेंटिमीटर ॲल्युमिनियम वाचलं. पण मुठीला पाच किलोचा झटका बसला की सगळ्यात खालच्या बुशवर माझ्या मापात साधारण ३६ किलोचा जोर येतो, त्यांच्या मापात ५७ किलोचा. भरलेली बॅग जिन्यावर ओढणाऱ्या बाईच्या हातात ते हॅंडल तुटेल. काम माझं आणि त्रास तिला, हे मला अजून सहन होत नाही.

वकिलांकडे गेलो. सोबत डिझाइन रजिस्ट्रेशनचं सर्टिफिकेट नेलं. एका सल्लागाराने “पेटंटसारखंच असतं, लवकर मिळतं” असं सांगून २२ हजार घेऊन ते काढून दिलं होतं. वकिलांनी दोन मिनिटांत समजावलं : २००० च्या डिझाइन कायद्यात वस्तूच्या दिसण्याला संरक्षण मिळतं, ती आतून कशी चालते याला नाही. माझं सर्टिफिकेट मुठीच्या आकाराचं होतं, आणि त्यांनी मूठ बदलली होती. म्हणजे दुसरी फसवणूक पहिलीच्याही आधी झाली होती आणि मला पत्ता नव्हता. गोपनीयतेचा भंग म्हणून दावा लावता येईल, पण एनडीए नाही, फाइलवर ‘गोपनीय’ असा शब्द नाही, आणि वर ते ‘आपल्या वापरासाठी’. नोटीस पाठवली. असे हॅंडल बाजारात अनेक आहेत, एवढंच उत्तर आलं.

एक साधी गोष्ट मला आधी कुणी सांगितली असती तर! पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे प्राथमिक अर्ज एकट्या माणसाला ऑनलाइन १,६०० रुपयांत करता येतो. त्यात कल्पना नीट लिहायची, आकृत्या जोडायच्या, आणि पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. आपल्याकडचे अर्ज मुंबईच्या अँटॉप हिलच्या पेटंट कार्यालयाकडे जातात. हे सॅम्पल दाखवण्याआधी करायचं. स्वतःच चारचौघांत दाखवून बसलात तर पेटंटसाठी लागणाऱ्या नवेपणावरच बोट ठेवलं जातं.

आणि कॉस्टिंगला पूर्ण फाइल लागत नाही, हे टूलरूमवाला म्हणून सांगतो. नळीचं सेक्शन (आडव्या छेदाचा आकार) आणि लांबी, प्लास्टिकचे भाग किती, त्यांचं वजन आणि बाहेरची मापं, वर्षाला नग किती, एवढ्यावर कोणताही मोल्डवाला अंदाज देतो. ओठाचा कोन विचारणारा माणूस दर काढत नसतो. घाई करणारा, पेपर ‘येतील’ म्हणणारा आणि छोटा ॲडव्हान्स चटकन देणारा असा एकच माणूस समोर असेल तर फोन ठेवा आणि आधी अर्ज भरा.

पिनच्या नव्या लॉकचा प्रोव्हिजनल अर्ज मी मार्चमध्ये केला. प्रत्येक ड्रॉइंगवर आता अर्ज क्रमांक आणि ‘गोपनीय’ असा शिक्का असतो. गेल्या आठवड्यात एका पार्टीने स्टेप फाइल मागितली. मी बाहेरच्या मापांची एक पानी पीडीएफ आणि सहीसाठी एनडीए पाठवला. अजून उत्तर आलेलं नाही.