लकव्यानंतर पुन्हा चालताना: घरी येणारा फिजिओ, ओपीडी की रोबोटिक सेंटर?

डिस्चार्ज कार्डावर शेवटी 'फिजिओथेरपी चालू ठेवावी' एवढी एकच ओळ असते. कुठे, किती आणि कुणाकडून, हे घरच्यांनी ठरवायचं. त्यात घाई असते, कारण सुधारणेचा सगळ्यात वेगवान काळ पहिल्या तीन महिन्यांचा, हे डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. मग कुणी मालिशवाल्याचा नंबर देतं, कुणी रोबोच्या आधाराने चालणाऱ्या पेशंटचा व्हिडिओ पाठवतं, आणि खालच्या मजल्यावरच्या आजोबांकडे येणारे फिजिओ 'उद्यापासून येतो' म्हणतात.

यातलं सर्वांत चांगलं कोणतं, असं थेट विचारलं तर उत्तर मिळत नाही. आधी एवढंच बघा: पेशंट आज कुणी न धरता, हवी तर काठी घेऊन, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो का? 'हो' आणि 'नाही' यांच्यासाठी पुढचा हिशोब पूर्ण वेगळा आहे. जाहिराती मात्र दोघांना एकच असतात.

आधी घड्याळ लावा

चालणाऱ्या पेशंटसाठी दहा मीटरची चाचणी घरीही करता येते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा लांब पॅसेजमध्ये खडूने दहा मीटरच्या दोन रेघा मारा. रेघेच्या थोडं आधीपासून चालायला लावा, रेघेच्या थोडं पुढेपर्यंत चालू द्या आणि मधल्या दहा मीटरचीच वेळ मोबाइलवर घ्या. नेहमीच्या चालीने, घाई न करता. एक माणूस कमजोर बाजूला, किंचित मागे हवाच.

25 सेकंदांपेक्षा जास्त लागले तर वेग सेकंदाला 0.4 मीटरच्या खाली आहे. असा माणूस साधारणपणे घरातल्या घरातच फिरतो. साडेबारा सेकंदांच्या आत आले तर वेग 0.8 मीटरच्या वर, म्हणजे बाजारात आणि बँकेत जाण्याजोगा. मधले लोक गल्लीच्या तोंडापर्यंत जातात आणि रस्ता ओलांडायला घाबरतात. हा आकडा तारखेसह लिहून ठेवा आणि दर महिन्याला पुन्हा घ्या. 'आधीपेक्षा बरंच बरं आहे' हे वाक्य सगळीकडे ऐकायला मिळतं, पण ते घड्याळात दिसलं पाहिजे.

घरी येणारा फिजिओ

याचा मोठा फायदा म्हणजे सराव खऱ्या जागेत होतो. पेशंटला जिम जिंकायचं नसतं. त्याला मोरीचा उंबरा, ओली फरशी, बिनकठड्याचा जिना आणि पलंगापासून संडासापर्यंतचं रात्रीचं अंतर पार करायचं असतं. चांगला फिजिओ पहिल्याच दिवशी बाथरूम बघायला मागतो. नुसता पलंगाशेजारी बसून काम सुरू करणारा मला पटत नाही.

तोटा वेळेच्या हिशोबात दिसतो. पाऊण तासाच्या भेटीत बीपी, गप्पा, झोपून हातपाय हलवणं आणि थोडी मालिश झाली की चालायला दहा मिनिटं उरतात. हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या केंद्रांमध्ये फिजिओच्या सत्रांचं निरीक्षण करून 2009 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चालण्याच्या सत्रात पेशंट सरासरी 357 पावलं टाकत होते. मेंदूने नवी वाट धरावी म्हणून प्राण्यांवरच्या प्रयोगांत जेवढी पुनरावृत्ती लागते, त्याच्या जवळपासही हा आकडा जात नाही. म्हणून घरी येणाऱ्याला पहिला प्रश्न फीचा विचारू नका. 'एका सेशनमध्ये किती पावलं चालवता?' असं विचारा.

पण घरच्या फिजिओला कमी लेखायचं कारण नाही. लीप्स नावाच्या अमेरिकी चाचणीत 408 पेशंट होते. काहींना पट्ट्याने वजन उचलून ट्रेडमिलवर चालवलं, काहींकडे फिजिओ घरी जाऊन ताकद आणि तोल यांचे व्यायाम घ्यायचा. निकाल 2011 साली आला. वर्षभरानंतर एकूण 52 टक्के लोकांचं चालणं वरच्या पातळीवर गेलं होतं, आणि ट्रेडमिल व घर यांत लक्षणीय फरक नव्हता. इथे 'घर' म्हणजे प्रशिक्षित माणसाने पायरी-पायरीने अवघड करत नेलेला कार्यक्रम होता, हे विसरू नका. तेल लावून पाय वरखाली करणं त्यात मोडत नाही.

हॉस्पिटलची किंवा कॉलेजची ओपीडी

इथे समांतर दांड्या असतात, सरावाच्या पायऱ्या असतात, लांब पॅसेज असतो, आणि आपल्यापेक्षा वाईट अवस्थेतून सावरलेला दुसरा पेशंट शेजारी असतो. या शेवटच्या गोष्टीचा परिणाम बिलात दिसत नाही, पण बापाला 'चला' म्हणणारा मुलगा जे करू शकत नाही ते ती करते.

फिजिओथेरपी कॉलेजच्या ओपीडीबद्दल लोकांना उगाच शंका असते. 'शिकाऊ मुलं हात लावतात' ही तक्रार मी नेहमी ऐकतो. ती मुलं बदलत राहतात हे खरं, पण त्यांच्याकडे वेळ असतो, डोक्यावर शिक्षक असतात आणि ती मोजमाप लिहून ठेवतात. मुंबईत केईएमच्या आवारातलं फिजिओथेरपीचं शिक्षण 1953 पासूनचं आहे. हाजी अलीची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था 1955 ची. तिथे व्यायामाबरोबर स्प्लिंट, म्हणजे हातापायाला आधार देणारी साधनं, बनवायची कार्यशाळाही आहे. रांग लागते, सकाळ जाते, पण पैशांमुळे महिन्याभरात बंद पडणाऱ्या महागड्या उपचारापेक्षा सहा महिने चालणारी रांग परवडते.

खरी अडचण जाण्यायेण्याची. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावरून रोज उतरवणं दोन माणसांचं काम आहे. ते जमत नसेल तर ओपीडीचा हट्ट धरू नका. आणि जमत असेल, तर रिक्षात चढणं-उतरणं हाही सरावच आहे, त्याला वाया गेलेला वेळ समजू नका.

रोबोटिक सेंटर

सगळ्यात जास्त फसगत होते ती इथे, आणि तिचं कारण यंत्र वाईट असणं हे नाही. यंत्र चुकीच्या पेशंटला विकलं जातं.

लकव्यानंतर यंत्राच्या साहाय्याने चालवण्याच्या चाचण्यांचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने एकत्र आढावा घेतला आहे. त्यात फायदा दिसतो तो ठरावीक लोकांत: लकव्याच्या झटक्याला तीन महिने झालेले नाहीत आणि जे अजून स्वतः चालू शकत नाहीत. त्यांना रोबो आणि नेहमीची फिजिओथेरपी दोन्ही मिळाल्यास स्वतंत्रपणे चालू लागण्याची शक्यता वाढते. कारण सरळ आहे. जो उभाच राहू शकत नाही त्याला दोन फिजिओ धरूनही पन्नास पावलं चालवताना घामाघूम होतात, यंत्र शेकडो पावलं टाकून घेतं.

आता दुसरी बाजू. अमेरिकेतल्या न्यूरो-फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेने 2020 साली मार्गदर्शिका काढली. ती झटक्याला सहा महिने उलटलेल्या आणि चालता येणाऱ्यांसाठी आहे. चालण्याचा वेग आणि अंतर वाढवायचं असेल तर रोबोने चालवू नये, असं ती स्पष्ट सांगते. पट्ट्याने लटकवून ट्रेडमिलवर पावलाची ढब सुधारत बसणंही तिने नाकारलं आहे. मऊ गादीवर किंवा फळीवर उभं राहून तोल सांभाळणंही या कामासाठी तिने बाजूला ठेवलं. त्याऐवजी काय? दम लागेल इतक्या जोराने चालणं. जिने, चढ, वेगवेगळ्या दिशा, आणि नाडीचा वेग वाढेल अशी मेहनत.

पट्ट्याने पकडलेल्या माणसाचे पाय यंत्र उचलत असेल तर मेहनत कुणाची होते? जो पाय ओढत का होईना चालतो, त्याला यंत्रात घालून त्याचं काम काढून घेतलं जातं. एका रोबोटिक सेशनच्या पैशांत घरी किंवा ओपीडीत बरीच सेशन्स होतात. चालता येणाऱ्या पेशंटसाठी मी ते पैसे तिकडे घालेन.

एक अट आहे. जोराने चालवण्याआधी हृदयाची बाजू डॉक्टरांकडून तपासून घ्या. मेटोप्रोलॉलसारख्या, नाडी मंद करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर मेहनतीच्या मानाने नाडी वाढत नाही, तेव्हा आकड्यापेक्षा पेशंटच्या दमावर विसंबावं लागतं.

सगळं घरच्यांनीच केलं तर?

खर्चापोटी हा विचार बऱ्याच घरांत येतो. यावर भारतातच मोठी चाचणी झाली आहे. अटेंड नावाच्या त्या चाचणीत 14 हॉस्पिटलांतले 1250 पेशंट होते आणि ती 2017 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. घरच्या माणसाला शिकवून त्याच्याकडून व्यायाम करून घेतले, आणि दुसऱ्या गटाला नेहमीचेच उपचार दिले. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्व दोन्ही गटांत 47 टक्के. घरच्यांच्या शिकवणीने त्यात भर पडली नाही. सुनेला किंवा मुलाला थेरपिस्ट बनवून भागेल, असं त्यामुळे समजू नये. पण फिजिओने आखून दिलेल्या चालण्याच्या फेऱ्या दिवसातून तीन-चार वेळा घडवून आणणं त्यांनाच शक्य आहे, कारण फिजिओ चोवीस तासांतला एकच तास असतो. केअरटेकर ठेवला असेल तर त्याला धरायचं कसं हे शिकवा. काखेत हात घालून ओढल्याने लकव्याच्या बाजूचा खांदा दुखावतो.

स्प्लिंट की करंटचा पट्टा?

पाऊल लटकतं, अंगठा फरशीला घासतो, म्हणून पाय बाजूने फिरवून टाकावा लागतो. याला दोन उपाय विकले जातात: पोटरीमागून तळव्याखाली जाणारं प्लास्टिकचं स्प्लिंट, म्हणजे एएफओ, आणि गुडघ्याखाली बांधून नसेला विजेचा हलका झटका देणारं यंत्र. 197 पेशंटांवरच्या अमेरिकी चाचणीत (2013) दोन्हींनी चालण्याचा वेग वाढला आणि दोन्हींत फरक निघाला नाही. लोकांना विजेचं यंत्र जास्त आवडलं, एवढंच. आपल्याकडे किमतीतली तफावत पाहता मी स्प्लिंटपासून सुरुवात करीन.

मात्र स्प्लिंट बुटात बसतं, आणि आपण चपला दाराबाहेर काढतो. त्यामुळे ते सकाळी फेरी मारण्यापुरतं वापरलं जातं आणि पडण्याचा धोका जिथे जास्त, त्या घरातल्या फरशीवर पेशंट अनवाणी असतो. नुसतं प्लास्टिक टाइल्सवर घसरतं ते वेगळंच. फक्त घरात वापरायचा, रबरी तळाचा, वेल्क्रोचा बूट घ्या. देवघराबद्दल घरात एकदा बोलून घ्या, नाहीतर तो बूट कपाटातच राहतो.

'चक्कर येते' म्हणाले तर

तोल जाण्याचं खापर दरवेळी लकव्यावर फोडू नका. कूस बदलताना, आडवं होताना किंवा वर बघताना खोली गरगर फिरत असेल आणि मिनिटभरात थांबत असेल, तर कानातले कॅल्शियमचे कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत गेलेले असू शकतात. डिक्स-हॉलपाइक चाचणीत डोळ्यांच्या हालचालीवरून ते कळतं. मग एप्लीच्या पद्धतीने डोकं क्रमाने फिरवून ते कण परत आणता येतात. अनेकांना एक-दोन वेळांतच आराम पडतो. यावर महिनोन्‌महिने सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन या चक्करीच्या गोळ्या घेत राहणं मात्र वाईट. म्हाताऱ्या माणसांत या गोळ्यांनी कंपवातासारखी लक्षणं येऊ शकतात: हालचाल मंदावते, पावलं आखूड पडतात. पाय लकव्याने अडलाय की गोळीने, हेच मग कळेनासं होतं. न्यूरोलॉजिस्टना गोळ्यांची पूर्ण यादी दाखवा. चक्कर अचानक, नव्याने आली आणि सोबत दोन-दोन दिसणं, बोबडी वळणं किंवा उभंच न राहता येणं असेल, तर तेव्हा फिजिओची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

मी कसं ठरवीन

तीन महिन्यांच्या आत, आणि अजून स्वतः चालता येत नसेल: भरती करून घेणारं पुनर्वसन केंद्र किंवा ओपीडी, आणि परवडत असेल तरच जोडीला काही आठवडे रोबो. पाच-सहा आठवड्यांत आधार कमी होताना दिसला नाही तर रोबो थांबवा.

काठीने चालतो, पण 25 सेकंदांच्या वर: घरी येणारा फिजिओ, आठवड्यातून तीन-चार दिवस, आणि रोजच्या फेऱ्या घरच्यांकडे.

वेग त्याहून बरा: ओपीडी, जिने, चढ, बाहेरचा रस्ता. इथे घरी फिजिओ बोलावणं मला चैन वाटते, कारण पेशंटने आता घराबाहेर पडायचं आहे.

फोनवर पक्कं करताना महाराष्ट्र राज्य ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा, एमपीटी, म्हणजे फिजिओथेरपीतली मास्टर्स पदवी, न्यूरो विषयात आहे का तेही विचारा. आणि पहिल्या दिवशी दहा मीटरची वेळ कोण घेणार, तेही ठरवून टाका.