सड्यावरची बाग : आखाताची रीत की गावची?

माझ्या थोरल्या भावाने बावीस वर्षं दुबईत काढली आणि परत येऊन गोव्यात पेडणे तालुक्यात सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावर, घर बांधलं. घराभोवती चारेक गुंठे उघडा जांभा. एप्रिलातल्या एका दुपारी आम्ही दोघं तिथे उभी होतो, चपलेतून चटका लागत होता. तो म्हणाला, "तिथे आणि इथे फरक काय गं? तेच ऊन, तोच दगड, पाणी विकतचं. तिथल्यासारखीच बाग करूया. खडी, ठिबक, खजूर." वहिनीला मात्र दारात लॉन हवी होती.

सड्यावर घर बांधणाऱ्या अनेकांपुढे हाच प्रश्न असतो, म्हणून आम्ही त्या घरासाठी काय तोललं ते इथे मांडते. दुबईत वर्षाचा पाऊस १०० मिलिमीटरच्या आसपास, आपल्याकडे ३,००० च्या घरात. पण आपला जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात पडून जातो, आणि जांभ्याच्या पातळ मातीत तो टिकत नाही. डिसेंबर ते मे सडा वाळवंटासारखाच कोरडा असतो. त्यामुळे आखातातली पाणी वाचवायची विद्या आपल्याला पुरेपूर लागू पडते. तिथली माती आणि तिथली झाडं मात्र नाही.

लॉनचा हिशेब

आधी वहिनीची लॉन. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. एप्रिल-मेच्या उन्हात हिरवळीला रोज ५ मिलिमीटर लागतं असं धरलं, तर एक गुंठा म्हणजे सुमारे १०० चौरस मीटरला रोज ५०० लिटर. मार्च ते मे या तीन महिन्यांत ४५,००० लिटर झाले, म्हणजे दहा हजारांचे साडेचार टँकर. दुबईतल्या रस्त्याकडेची हिरवळ दिसते सुंदर, पण ती मोठ्या प्रमाणावर सांडपाणी शुद्ध करून त्यावर पोसलेली असते. घरगुती टाकीवर तो थाट झेपत नाही. माझं मत स्पष्ट आहे. सड्यावर लॉन करू नये. फारच हौस असेल तर व्हरांड्यासमोर सावलीच्या बाजूला चार बाय पाच मीटरचा तुकडा ठेवावा, त्याला रोज १०० लिटर लागतील. वहिनीने शेवटी तेवढाच ठेवला.

पाईप, ठिबक आणि मडकं

पाईपने झाडं शिंपायला मन रमतं, पण पाणी मोजलं जात नाही. एकदा पाईप बादलीत धरून बादली किती वेळात भरते ते बघा, म्हणजे पाच मिनिटांत किती ओतलं ते कळेल. त्यातलं बरंचसं पाणी दगडावरून वाहून जातं.

ठिबक हे वाळवंटाने जगाला दिलेलं मोठं देणं आहे. इस्रायलच्या नेगेव वाळवंटातल्या एका किबुत्झवर, म्हणजे सामुदायिक शेतीच्या वसाहतीवर, १९६५ साली त्याचा धंदा उभा राहिला. ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर एका झाडाला तासभर चालले की ८ लिटर पाणी थेट मुळाशी जातं. मोठ्या माडाला उन्हाळ्यात ठिबकने रोज ३० लिटरच्या आसपास पुरतं. झाडं विसाहून जास्त असतील, किंवा घर आठवडाभर बंद राहत असेल, तर टायमर लावून ठिबकच घ्यावं.

पण आखातात ड्रिपर तुंबतो तो क्षारांच्या पांढऱ्या खपलीने. आपल्याकडे पाण्यात लोह असेल तर तांबूस बुळबुळीत साय धरते आणि नळी आतून चोंदते. नुसती जाळी पुरत नाही. दर पंधरवड्याला नळीची शेवटची टोपी काढून पाणी धो धो सोडावं लागतं, पहिलं मिनिटभर ते चहाच्या रंगाचं येतं. हे करायला घरात कोणी नसेल तर ठिबक दुसऱ्या उन्हाळ्यात निरुपयोगी होईल.

मडक्याकडे लोक लक्ष देत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं. डिचोलीच्या कुंभारांची साधी, चकाकी न दिलेली मडकी घ्या. झाडापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरा, भरा, वर झाकण ठेवा. माती कोरडी पडेल तसं मडकं पाझरतं, ओली असली की थांबतं. पाच लिटरचं मडकं माझ्या परसात मे महिन्यात तीन दिवसांनी भरावं लागतं. गेल्या वर्षी एक फुटलं म्हणून उकरून काढलं, तर त्याच्या पोटाला सगळीकडून जास्वंदीची पांढरी मुळं चिकटलेली, जाळं विणावं तशी. झाकण मात्र विसरू नका, नाही तर डास होतात. दहा-बारा झाडांची बाग असेल तर मी ठिबकाचा खर्च सुचवणार नाही, मडकीच घ्या. भावाच्या बागेत माडांना आणि कुंपणाला ठिबक आहे, फुलझाडांना मडकी.

खडी की नारळाची सोडणं

वाळवंटातल्या बागेत माती खडीने झाकतात ते बरोबर आहे. तिथे पालापाचोळा कमी, तण कमी, आणि खडीखाली ओल टिकते. इथे पहिल्याच पावसात खडीच्या फटींत तांबडी माती वाहून येते, श्रावणापर्यंत त्यातून गुडघाभर गवत उगवतं आणि ते उपटताना खडी हातात येते. शिवाय उन्हाळ्यात भिंतीलगतची खडी संध्याकाळपर्यंत धग फेकत राहते. खडी घाला ती पागोळ्यांच्या रेषेत, जिथे छपराचं पाणी पडून माती उडते, आणि पायवाटेवर.

झाडाखाली मात्र सोडणं, म्हणजे नारळ सोलल्यावर उरणारी काथ्याची सालं. गोव्यात त्यांना तोटा नाही. सोडणाची उघडी बाजू वर करून माडाभोवतीच्या चरात थर पुरले तर ती आपल्या वजनाच्या तीन ते पाच पट पाणी धरून ठेवतात, आणि हे काम पाच-सहा वर्षं चालतं. वरून काजूचा पाला, आंब्याचा पाला. वाळवीची भीती खरी आहे, म्हणून आच्छादन बुंध्यापासून वीतभर आणि घराच्या भिंतीपासून दोन हात लांब ठेवावं.

पान पिवळं पडलं तर

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, कारण लक्षण एकच असतं आणि औषध उलटं. आखातातली माती चुनखडीची, अल्कधर्मी. तिच्यात लोह असलं तरी मुळांना मिळत नाही. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या की तिथले माळी विरघळणारं लोह देतात, माती आम्लधर्मी व्हावी म्हणून गंधक घालतात. भाऊसुद्धा गंधकाची पिशवी घेऊनच आला होता. आपला जांभा लोहाने तांबडा आणि मुळातच आम्लधर्मी, त्यात गंधक घालणं म्हणजे बिघाड वाढवणं. इथे जुनी, खालची पानं सरसकट पिवळी पडत असतील तर पावसाने नत्र धुऊन नेलंय असं समजून शेणखत द्या. ऐन पावसात झाड पिवळं पडलं तर आधी मुळाशी पाणी साचलंय का ते बघा.

एक अपवाद मी स्वतः भोगलाय. जोत्याला लागून पिटकुळीची (इक्झोराची) ओळ लावली होती. दोन वर्षं कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. शेणखत घालून घालून थकले. शेवटी उकरलं तर हातभर खाली गिलाव्याचे तुकडे आणि घट्ट झालेलं सिमेंट. गवंड्यांनी उरलेला माल तिथेच दाबला होता, आणि माझ्या तांबड्या अंगणात दीड हात रुंदीचा आखाती पट्टा तयार झाला होता. सगळं काढून सड्यावरची माती आणि पाल्याचं खत भरलं, त्यानंतरची पालवी हिरवीगार आली. नवं घर असेल तर जोत्यालगत लावण्याआधी दोन फूट खणून बघाच.

मिठाचंही असंच. वाळवंटात मीठ हा शत्रू, तिथे अधूनमधून भरपूर पाणी देऊन तो खाली धुवावा लागतो. आपल्याकडे जांभ्यात माडाचा चार फुटी खड्डा खणला की लावणीच्या सहा महिने आधी त्यात २ किलो मीठ टाकायची शिफारस आहे, त्याने कठीण जांभा सैल होतो. भावाला हे पटायला वेळ लागला. किनाऱ्याजवळ ज्यांची विहीर मे महिन्यात मचूळ होते त्यांचा प्रश्न मात्र खरोखर आखातासारखा आहे. तिथे थोडं थोडं रोज देण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी भरपूर द्यावं. बाकीचा खार पाऊस धुऊन नेतो, खाजनातलं, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतातलं, कोरगुट जातीचं भात त्याच भरवशावर पिकतं.

झाडं कोणती

खजूर नको. आखातात फळ पिकतं ते जून ते सप्टेंबरात, नेमक्या आपल्या पावसात. अडेनियम हवं तर कुंडीत ठेवा आणि पावसाळाभर छपराखाली जवळजवळ कोरडं राहू द्या, जमिनीत ते कुजतं. अमिरातीचं राष्ट्रीय झाड गाफ म्हणजे आपली शमी. भावाला त्याचा फार जीव, पण ते कमी पावसाचं झाड आहे, सड्यावरच्या धुवाधार पावसात मी त्याची खात्री देणार नाही. बोगनवेल दोन्हीकडे चालते आणि कोरड्यात जास्त फुलते. कुंपणाला करवंद, कोपऱ्यात काजू, दारात चाफा. ही झाडं दोन उन्हाळे सांभाळली की पुढे फारसं मागत नाहीत.

कधी लावायचं

दुबईत रोपं ऑक्टोबरात लावतात, म्हणजे उन्हाळ्याआधी मुळं धरतात. आपल्याकडे मृग लागून पाऊस स्थिरावला की. भावाने घाईने एप्रिलातच चौदा रोपं आणली, ती आता चुडतांच्या (माडाच्या झावळ्यांच्या) माटवाखाली पिशव्यांतच ठेवली आहेत. खड्डे तेवढे मेमध्ये खणून तापू द्यायचे. उन्हाळ्यात झाडाभोवतीचं आळं खोलगट असतं, मृगाच्या आधी ते उताराच्या बाजूने फोडायचं आणि बुंध्याशी मातीची भर द्यायची. भावाने कुदळ आणून ठेवली आहे. ठिबकाच्या नळ्या गुंडाळून माळ्यावर टाकायच्या, टोकं मात्र कापडाने बांधून, नाही तर त्यांत मुंग्या घर करतात.