फिशटँकला पाणी कुठलं घालावं: नळाचं, बोअरचं की आरओचं?

पुण्यातल्या बऱ्याच सोसायट्यांत हे तिन्ही पर्याय एकाच फ्लॅटमध्ये हजर असतात. किचनच्या एका नळाला महापालिकेचं पिण्याचं पाणी, बाथरूमला आणि बाकी सगळीकडे वापरायचं पाणी, म्हणजे बोअर आणि उन्हाळ्यात त्यात मिसळलेला टँकर, आणि ओट्याच्या वर भिंतीला टांगलेला आरओ. टँक लावून झालेला असतो, फिल्टर सायकल झालेला असतो, म्हणजे माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात रुजलेले असतात, दर आठवड्याला थोडं पाणी बदलायचं हेही पाठ असतं. अडतं ते बादली कुठल्या नळाखाली धरायची इथे. मी तिन्ही वापरून पाहिली आहेत. माझा कल कुठे आहे ते वाचता वाचता कळेलच, पण तुमच्याकडचं पाणी वेगळं असेल तर माझं म्हणणं तेवढं कमी धरा.

बोअरचं आधी उरकून टाकतो. आपल्याकडचा खडक काळा बेसॉल्ट. त्यातून मुरत आलेल्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट भरपूर. साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ कुकरच्या दोन शिट्ट्या जास्त मागते, तेच हे पाणी. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजणाऱ्या माझ्या पेनवर ते सातशे-आठशे दाखवतं. याला क्लोरीन नाही, ही मोठी सोय. थेट बोअरमधून घेतलं आणि एअर पंपाने हवा मारून ठेवली की झालं. हवा मारणं मात्र चुकवू नका. जमिनीतून ताज्या आलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त आणि ऑक्सिजन कमी असतो, त्यामुळे आत्ता मोजलेला पीएच आणि सकाळचा पीएच यांत चांगलाच फरक पडतो.

मॉली, गप्पी, प्लॅटी यांना हे पाणी आवडतं. मलावीचे सिक्लिड ठेवणाऱ्याला तर घरबसल्या लॉटरीच. झाडांत वॅलिस्नेरिया मस्त चालतो, कारण त्याला बायकार्बोनेटमधून कार्बन काढून घेता येतो. माझ्याकडच्या वॅलिस्नेरियाच्या जुन्या पानांवरून बोटं फिरवली की बारीक रेती लागल्यासारखं खरखरायचं. तो पानावरच बसलेला चुना. रोटाला मॅक्रँड्रासारखी लाल, मऊ पाण्याची झाडं याच टँकमध्ये शेंड्याकडून आखडत गेली. दुसरं म्हणजे या पाण्याचा पीएच आठच्या पुढे जातो, आणि तिथे अमोनियाचा विषारी भाग सातच्या पीएचच्या तुलनेत जवळपास दहापट होतो. नवा टँक असेल, खाणं जरा जास्त पडलं असेल, तर चूक पोटात घालणारं हे पाणी नाही.

पण बोअरमध्ये खरी गोम आहे ती वेगळीच. सोसायटीच्या टाकीत नक्की काय आहे हे तुम्हाला कधीच कळत नाही. मार्चपर्यंत निव्वळ बोअर, एप्रिलपासून अर्धा टँकर, तो टँकर कुठल्या विहिरीवरून भरला ते ड्रायव्हरला ठाऊक. शेतीच्या भागातली विहीर असेल तर नायट्रेट आलंच, आणि मग शेवाळ. माशाला साडेसातशे टीडीएस चालतो, साडेतीनशेही चालतो, पण एका बादलीत एक आणि पुढच्या बादलीत दुसरा, हे चालत नाही.

सोसायटीत सॉफ्टनर बसवलेला असेल तर एक गोष्ट आवर्जून बघा. सॉफ्टनर क्षार काढून टाकत नाही, कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या जागी सोडियम बसवतो. नळावरचे पांढरे डाग जातात, गिझर सुखात राहतो, टीडीएस मात्र होता तिथेच. त्या पाण्यात गोगलगायींची कवचं झिजतात आणि झाडांना हवं ते मिळत नाही. ‘आमच्याकडे सॉफ्ट वॉटर आहे’ असं म्हणून टेट्रासारखे मऊ पाण्यातले मासे आणणाऱ्यांना हे कुणीतरी दुकानातच सांगायला हवं.

म्हणजे खरी लढत नळ आणि आरओ यांच्यात.

आरओच्या बाजूने बोलायचं तर कागदावर तोच जिंकतो. पाणी कोरं मिळतं, त्यात काय आणि किती घालायचं ते तुम्ही ठरवता, पावसाळा असो की उन्हाळा, आकडा तोच. डिस्कसची पिल्लं काढायची असतील, लाल-पांढऱ्या क्रिस्टल कोळंबीचा नाद असेल किंवा रिओ नेग्रोहून पकडून आणलेले जंगली टेट्रा ठेवायचे असतील, तर वाद घालण्यात अर्थ नाही, आरओच घ्या. पण ते पाणी तसंच्या तसं टँकमध्ये ओतता येत नाही, ही गोष्ट बरेच जण अर्धीच ऐकतात. फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना पाण्यातली अल्कलिनिटी, म्हणजे पीएच धरून ठेवणारे बायकार्बोनेट, खात असतात. आरओच्या पाण्यात ती जवळपास शून्य. मग आठ-पंधरा दिवस सगळं छान दिसतं आणि एके दिवशी पीएच खाली बसतो. पीएच सहाच्या खाली गेला की तेच जिवाणू मंदावतात, आणि अमोनिया साचू लागतो. झाडांचंही तसंच. कॅल्शियम नसेल तर नवं पान वाकडंतिकडं येतं, मॅग्नेशियम नसेल तर जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. म्हणजे दर खेपेला कॅल्शियमचा क्षार, एप्सम सॉल्ट आणि चिमूटभर खाण्याचा सोडा मोजून घालणं आलं.

तेही मी केलं असतं. सोनाराचा असतो तसला छोटा काटा घेतला होता, त्याचा कंटाळा नव्हता. मला हरवलं ते ओट्याने.

घरगुती आरओची टाकी सात-आठ लिटरची. ती रिकामी झाली की मशीन घुरघुरत धार नव्हे, थेंबांची माळ सोडतं. तासाला बारा-पंधरा लिटर असं पेटीवर छापलेलं असतं, पण नळाला दाब कमी असेल तर तेवढंही येत नाही. माझ्या तीन फुटी टँकला पाणी बदलायला चाळीसेक लिटर लागतं. म्हणजे रविवारची अख्खी सकाळ ओट्यावर बादली, तिच्यात नळी, शेजारी रिजेक्टचा, म्हणजे मशीन बाहेर टाकतं त्या पाण्याचा, टप. तेवढ्यात कुणाला तरी कुकर लावायचा असतो, कुणाला चहा, पाहुणे आले तर तांब्याभर पाणी. प्रत्येक वेळी नळी काढा, भांडं लावा, परत नळी लावा. आईने एकदा शांतपणे विचारलं, ‘आधी माणसांनी प्यायचं की तुझ्या माशांनी?’ यावर उत्तर नव्हतं. एका पिंपात आठवडाभर थोडं थोडं साठवूनही पाहिलं. मग वाद ओट्यावरून बाल्कनीत गेला इतकंच. टँकसाठी स्वतंत्र आरओ घेणारे मित्र आहेत, त्यांचं छान चाललंय. पण त्यांच्याकडे टेरेस आहे.

वर रिजेक्टचा हिशेब. घरगुती मशीन एका लिटरमागे साधारण तीन लिटर बाहेर टाकतं. चाळीस लिटरसाठी सव्वाशे लिटर. कुंड्या तरी किती आहेत घरात? राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये म्हटलं होतं की पाण्याचा टीडीएस 500 च्या आत असेल तिथे आरओ नकोच. ते माणसांच्या पिण्याबद्दल होतं, पण खडकवासल्याच्या पाण्यावर राहणाऱ्यांनी त्याचा विचार करायला हरकत नाही.

कारण किचनच्या नळाला येणारं ते पाणी मुळातच हलकं आहे. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या धरणांतलं पाणी म्हणजे सह्याद्रीवर पडलेला पाऊस. खडकात मुरायला त्याला वेळ मिळालेला नसतो. माझ्याकडे पेन बहुतेक शंभरच्या आसपास थांबतो, केएच, म्हणजे तीच अल्कलिनिटी मोजणारा आकडा, तीन-चार अंश. मुंबईकरांचं तलावांचं पाणीही याच जातीचं. यात टेट्रा राहतात, एंजल राहतात, कोरिडोरास, चेरी बार्ब, मिस केरळ सगळे खूश. केएच थोडा का होईना असल्यामुळे पीएच कोसळत नाही, आणि झाडांसाठी सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सोडणाऱ्यांना अंगावर येईल इतका जास्तही नाही. झाडांसाठी थोडं पोटॅशियम आणि मॅग्नेशियम वरून घालावं लागतं, बस. बाजारातले बहुतेक मासे चेन्नईच्या कोलत्तूरकडचे किंवा हावडा-कोलकात्याच्या बाजूचे, तळ्यात आणि हौदात वाढलेले. त्यांच्या आजोबांनी ॲमेझॉन पाहिलं असेल, त्यांनी नाही.

उरतो क्लोरीन. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात घरच्या नळाशी किमान 0.2 मिलिग्रॅम प्रति लिटर मुक्त क्लोरीन असावा असं आहे. माशाच्या कल्ल्यांना तेवढाही त्रासदायक. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी क्लोरीन वायू किंवा ब्लीचिंग पावडर वापरतात, त्यामुळे झाकण न लावलेल्या ड्रममध्ये बुडबुडे सोडणारा एअरस्टोन टाकून रात्रभर ठेवलं की तो निघून जातो. घाई असेल तर हायपोचे खडे, दुकानात अँटिक्लोरीन म्हणून मिळतात तेच. एक मिलिग्रॅम क्लोरीनला साधारण सात मिलिग्रॅम हायपो लागतो, म्हणजे पन्नास लिटरच्या ड्रमला चार-पाच बारीक खडे पुरेसे होतात. शंका असेल तर ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीवर करतो तीच क्लोरीन शोधणारी ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट करा. दोन थेंब टाकून पिवळं झालं तर थांबा.

मी किचनच्या नळाला पाइप लावतो, पाच-सात मिनिटांत ड्रम भरतो आणि ओटा मोकळा. सकाळी टँकमध्ये छोट्या पंपाने पाणी. एवढंच.

जाता जाता एक गंमत. ज्यांच्याकडे नळाचं पाणी शंभर टीडीएसचं आहे आणि तरी प्यायला आरओ आहेच, त्यांनी त्या मशीनचं रिजेक्ट एकदा पेनने मोजावं. फार तर एकशे तीस-चाळीस भरतं. शिवाय ते कार्बन फिल्टरमधून आलेलं असल्याने क्लोरीन बहुतेक गेलेला असतो. म्हणजे माशांना हवं ते पाणी आपण मोरीत सोडत असतो. माझा छोटा गप्पींचा टँक याच पाण्यावर चालतो. मशीनमध्ये अँटिस्केलंटचं, म्हणजे आत चुना साचू न देणारं, कार्ट्रिज असेल तर मात्र हे करू नका, त्यातून फॉस्फेट उतरू शकतं आणि शेवाळाची सोय होते.

तुमच्याकडे पिण्याच्या पाण्याची लाइन आलेलीच नसेल, सगळं बोअर-टँकरवर असेल, तर नळाचं कौतुक तुम्हाला काय कामाचं? तिथे मी एक तर मॉली-गप्पी-वॅलिस्नेरिया या मार्गाने जाईन, किंवा बोअरच्या तीन भागांत आरओचा एक भाग मिसळून सुरुवात करेन आणि प्रत्येक बादली पेनने मोजेन. निम्मं-निम्मं केलंत तर अजून बरं, पण मग ओट्यावरच्या वाटाघाटी तुमच्या तुम्ही बघा.

नळवाल्यांनी जुलै-ऑगस्टकडे लक्ष ठेवायचं. धरणात गढूळ पाणी येतं, तुरटी आणि क्लोरीन दोन्ही वाढतात, नळाखाली हात धरला तरी वास येतो. त्या दिवसांत ड्रम दोन रात्री ठेवा, हायपो दीडपट करा, आणि फारच गढूळ असेल तर त्या आठवड्याचं पाणी बदलणं सरळ पुढे ढकला. त्या आठवड्यात खाणं निम्मं करा.