म्हणींचे पत्ते: चार महिने खेळून झाल्यावर लिहितेय

फेब्रुवारीत मराठी भाषा गौरव दिनाच्या आठवड्यात नौपाड्यात एका हॉलमध्ये घरगुती वस्तूंचं प्रदर्शन होतं, मी खरंतर मेतकूट आणि कुळथाचं पीठ घ्यायला गेले होते, तिथे कोपऱ्यातल्या टेबलावर दोघी जणी म्हणींचे पत्ते घेऊन बसलेल्या. डब्बा ४५० रुपये. मला आधी महाग वाटला, दोनदा पुढे जाऊन परत आले आणि शेवटी घेतला, कारण घरात दोन मुलं इंग्लिश मीडियमची आणि सासूबाई जुन्नरकडच्या, त्या बोलताना म्हण टाकतात आणि मुलं माझ्याकडे बघतात की आजी काय बोलली. हे मला फार लागायचं.

डब्ब्यात १०४ पत्ते आहेत, म्हणजे ५२ म्हणी, प्रत्येकीचे दोन तुकडे. लाल पत्त्यावर पहिला अर्धा, हिरव्यावर दुसरा. सात सात पत्ते वाटायचे, बाकीचे मध्ये उलटे, एक उचलायचा एक टाकायचा, जोडी लागली की खाली मांडायची. इथपर्यंत साधंच. पण यात एक नियम आहे आणि त्या नियमासाठीच मी हा खेळ सगळ्यांना घ्यायला सांगते, तो म्हणजे जोडी लावली तरी पॉइंट लगेच मिळत नाही, ती म्हण आपल्या घरात, शाळेत, ऑफिसात कुठे लागू पडली तो खरा किस्सा सांगायचा आणि बाकीच्यांना पटला तरच पॉइंट.

पहिल्याच दिवशी माझ्या लेकीने "नाचता येईना / अंगण वाकडं" लावलं आणि भावाकडे बोट दाखवून म्हणाली, हा रविवारी झिरोवर आऊट झाला आणि घरी येऊन म्हणाला पिच खराब होतं. तो चिडला, पण पॉइंट द्यावा लागला. आणि तेव्हा आई (सासूबाई) म्हणाल्या, अगं ही पुढे पण आहे, "स्वयंपाक येईना, ओली लाकडं". मुलांना ओली लाकडं म्हणजे काय तेच माहीत नव्हतं, मग धूर कसा होतो, फुंकणीने फुंकून डोळे कसे लाल होतात, पावसाळ्यात सरपण कुठे ठेवायचे, अर्धा तास तेच चाललं. चार वर्षांत आई मुलांशी सलग एवढं बोललेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

आता जे आवडलं नाही ते. प्रत्येक पत्त्याच्या मागे "बोध" छापलाय, एका ओळीत. तो वाचायची सवय लागली की खेळ मरतो. उदाहरणार्थ "सुंभ जळाला तरी पीळ जात नाही", मागे लिहिलंय, मूळ स्वभाव बदलत नाही. झालं, संपलं. मुलाने विचारलं सुंभ म्हणजे काय, तर पत्त्यावर ते कुठेच नाही. आईंनी काथ्याची दोरी मागितली, माळ्यावर जुन्या गाठोड्याला बांधलेली होती, तिचा वीतभर तुकडा बाल्कनीत स्टीलच्या ताटलीत ठेवून पेटवला. हळूहळू धुमसत पूर्ण जळली आणि ताटलीत राख उरली ती तशीच पीळ घातलेली, वळ न् वळ दिसत होता, लेकीने बोट लावलं आणि भुगा झाला. आई म्हणाल्या, आमच्या गावात एक घर होतं, जमीन गेली, बैल गेले, सगळं गेलं, पण ओट्यावर बसून माणसांना हुकूम सोडायची सवय गेली नाही, त्यांना हे म्हणायचे. म्हणजे नुसता स्वभाव नाही, वैभव जळून गेल्यावरही उरलेला ताठा. बोटाच्या टोकाने मोडेल असा. तो अर्थ एका ओळीत येतच नाही.

आणि बोध छापला की मुलांना वाटतं प्रत्येक म्हण म्हणजे कायमचा नियम. एकदा "बळी तो कान पिळी" आणि "शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ" एकाच डावात आल्या आणि मुलगा म्हणाला यातली एक चुकीची असणार, दोन्ही कशा खऱ्या. मला पटकन सांगता येईना. आई म्हणाल्या, अरे वेळ बघून म्हण काढायची असते, ज्याने मार खाल्लाय त्याच्यापुढे पहिली आणि जो मार खायला निघालाय त्याच्यापुढे दुसरी. हे वाक्य मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.

पळसाचं पण सांगते. "कुठेही जा / पळसाला पानं तीनच" हा पत्ता आला तेव्हा मार्च होता, आम्ही रविवारी येऊरला जातोच, म्हटलं चला दाखवते. गेलो तर पळस नुसता केशरी फुलांनी भरलेला आणि पान एकसुद्धा नाही, कारण फुलतो तेव्हा त्याची पानं गळलेली असतात. मुलगा म्हणाला, तीन कुठेत, एक पण नाही. मग जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर परत गेलो, एका देठाला तीन, तळहाताएवढी, जाडसर, तो एकेका फांदीची मोजत सुटला, कुठेतरी चार सापडतील म्हणून. नाही सापडली. परत येताना गाडीत स्वतःच म्हणाला की त्याचा मित्र शाळा बदलून गेला तिथे पण तसेच रागावणारे सर आहेत. तो पॉइंट त्याला आम्ही घरी येऊन दिला.

इतिहासाचे पत्ते थोडे आहेत, पण ते बनवणाऱ्यांनी फारच घाईत केलेत असं वाटतं. "विश्वास / पानिपतात गेला" याच्या मागे फक्त "विश्वास न राहणे". अहो मजाच तर नावात आहे, नानासाहेब पेशव्यांचे थोरले चिरंजीव विश्वासराव १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर पडले, त्यावरून हे आलंय, हे लिहायला दोन ओळी लागल्या असत्या. आमच्याकडे यांनी ती गोष्ट सांगितली आणि आता मुलगा "होमवर्क झालाय, विश्वास ठेव" म्हणाला की लेक लगेच पानिपत काढते. तसंच "ध चा मा". एक तर हा वाक्प्रचार आहे, म्हण नाही, ज्यांची मुलं शाळेत मराठी व्याकरण शिकतायत त्यांचा गोंधळ होणार. आणि मागे बोध काय, तर "बदल करणे". नारायणराव पेशव्यांचा ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात खून झाला आणि धरावेचं मारावे आनंदीबाईंनी केलं अशी गोष्ट पिढ्यानपिढ्या सांगतात, एका अक्षराने माणूस जातो ही केवढी मोठी गोष्ट आहे, ती "बदल करणे" मध्ये कशी मावेल.

एक गोष्ट मात्र त्यांनी मनापासून विचार करून केलीय. जातींची नावं घेऊन टोमणे मारणाऱ्या आणि बायकांना कमी लेखणाऱ्या जुन्या म्हणी यात घेतलेल्या नाहीत. काही लोक म्हणतील हा पण आपलाच ठेवा आहे, तर अभ्यास करणाऱ्यांनी जरूर करावा, लहान मुलांच्या हातात खेळायला देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पण एक राहिलीय. आमच्या मजल्यावरचा एक मुलगा रोज खेळायला येतो, त्याला खूप कमी दिसतं, पत्त्यांवरची अक्षरं मोठी आणि ठळक आहेत म्हणून त्याला हा खेळ आवडतो, डोळ्याजवळ धरून स्वतः वाचतो. त्याच्या हातात "आंधळं दळतं" आलं. त्याने ते मोठ्याने वाचलं आणि पत्ता खाली ठेवला, काही बोलला नाही. माझ्या लेकीने तो आणि त्याचा जोडीचा दोन्ही उचलून माझ्याकडे दिले आणि सांगितलं हे नको. तेव्हापासून आम्ही ५१ म्हणींनी खेळतो. मी त्या दोघींना मेसेज केला, दुसऱ्या दिवशी फोन आला, म्हणाल्या पुढच्या छपाईत काढतो. माझ्या डब्ब्यात एक हिरवा पत्ता दोनदा आला होता आणि एक नव्हताच, तोही त्यांनी न मागता पाठवला.

कागद चांगला आहे, चार महिन्यांत कोपरे फक्त थोडे वाकलेत. डब्बा मात्र पातळ पुठ्ठ्याचा, महिन्यात फाटला, आम्ही श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवतो. सहा वर्षांखालच्या मुलांना जमणार नाही, वाचता यायला हवं. आणि घरात आजी-आजोबा नसतील तर बिल्डिंगमधल्या कुणा काका-काकूंना बोलवा, नाहीतर मागचा बोध वाचूनच डाव संपेल.

डब्ब्यात चार कोरे पत्ते पण येतात, आपल्या आपल्या म्हणी लिहायला. आईंनी ते चारही एका दुपारी भरले, अक्षर थोडं थरथरतं पण सुवाच्य, पहिल्या दोनवर "आठ हात काकडी / नऊ हात बी". मग म्हणाल्या अजून आणा. आता साडीच्या बॉक्सचा पुठ्ठा कापून देतो, लेक रंगवते, आई लिहितात, कालपर्यंत सव्वीस झाले. नेरुळच्या नणंदेला राखीला द्यायला मी अजून एक डब्बा सांगितलाय, त्यात आईंच्या हातचे सहा पत्ते टाकणार आहे.